बुटक्याचे पाच जीव

१

डॉक्टरीणबाईंनी दादाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. उजव्या हाताची बोटं रोज तासभर हलवायची, आणि आता पुन्हा पडायचं नाही. पहिली गोष्ट त्यांनी तीन वेळा समजावली. दुसरी एकदाच सांगितली, पण ती सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या, कारण दिवसभर घरात दादाबरोबर मीच असतो. वहिनी लोकांना मोटार चालवायला शिकवते. ती सकाळी नऊला जाते ती पाचला परत येते.

दादाने तीस वर्षं उंच इमारतींना बाहेरून रंग दिला. अकराव्या मजल्यावर दोराला लटकून तो शिट्टी वाजवायचा. तिथे कधी साधं खरचटलं नाही, आणि पडला कुठे, तर स्वतःच्या घरात. आमच्या बोळाच्या टोकाला स्वयंपाकघरात उतरायला दोन पायऱ्या आहेत. फक्त दोन. तिथे त्याचा पाय सटकला, डोकं कडेवर आपटलं, आणि महिनाभराने घरी आला तो आखडलेली बोटं आणि आखडलेला स्वभाव घेऊन. स्वभाव आधीही फारसा मऊ नव्हता म्हणा.

पोरसवदा असताना मी दोन वर्षं त्याचा दोर धरायचो. वर कप्पी, दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं खाली माझ्या मुठीत. त्या धंद्यात नियम एकच. वरचा माणूस ‘सोड’ म्हणेपर्यंत दोर सोडायचा नाही, आणि तो म्हणाला की तिथल्या तिथे सोडायचा, का म्हणून विचारायचं नाही. मला दुसरा अर्धा कधी जमला नाही. त्याचे पाय जमिनीला टेकले तरी मी दोर ताणूनच धरलेला असायचा. तो वैतागायचा, “अरे, टेकलो मी. सोड आता.” शेवटी त्यानेच मला त्या कामातून काढलं आणि मी यंत्रांच्या दुरुस्तीत शिरलो. यंत्रं काही म्हणत नाहीत, ते बरं.

२

बोटं हलवायला मऊ रबरी चेंडू दिला होता. दादाने तो चौथ्या दिवशी खिडकीतून फेकला. मग मला आमचा जुना कॉम्प्युटर आठवला. रबरी बटणांचा, वहीएवढा, टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून खेळ भरायचा. असली यंत्रं दुरुस्त करणं हाच माझा धंदा, पण घरचं हे एक कपाटाच्या वरच तीस-पस्तीस वर्षं पडून होतं. दोन कपॅसिटर बदलले, कॅसेट प्लेअरचं हेड स्पिरिटने पुसलं, आवाजाचं चाक दादाने तेव्हा नेलपॉलिशने केलेल्या खुणेवर ठेवलं. कर्कश किंचाळत खेळ भरला गेला आणि दादा पडल्यापासून पहिल्यांदा हसला.

त्या खेळाला आम्ही ‘बंगला’ म्हणायचो. टोपी घातलेला एक बुटका बंगल्याच्या एकेका खोलीतून उड्या मारत जातो, खटके ओढतो, दिवे लावतो. ऐकायला सोपं. करायला नाकी नऊ. केसभर आधी उडी मारली की मेला, केसभर उशिरा मारली की मेला. चुकीचा खटका आधी ओढला तर तीन खोल्या पुढे गेल्यावर कळतं की दार कायमचं बंद झालंय. स्वतःच्या दुप्पट उंचीवरून पडला तरी मेला. जीव पाच. पाचही गेले की पहिल्या खोलीपासून सुरुवात, कारण खेळ मध्येच जपून ठेवायची सोय त्यात नव्हतीच. लहानपणी दादाने एकदा चिडून त्या यंत्राला चावा घेतला होता. कोपऱ्यावर दातांच्या चार खुणा अजून आहेत.

दुपारी तीन ते चार असा आमचा वेळ ठरला. बाहेरच्या खोलीत टेबलावर टीव्ही, त्यापुढे दादा, आणि शेजारच्या स्टुलावर मी. चौथ्या खोलीच्या पुढे गाडी जाईना.

“डावीकडून उडी मार,” मी म्हणायचो.

“तू मार.”

“बोटं तुझी हलवायची आहेत.”

“माझी हलतायत. तो बुटकाच गाढव आहे.”

आठवडाभराने त्याने हात मांडीवर ठेवले ते उचलेचनात. “हे माझ्याच्याने व्हायचं नाही,” तो म्हणाला. चिडून म्हणाला असता तर चाललं असतं, पण तो अगदी शांतपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी लबाडी केली. खेळ भरण्याआधी टाइप करायची एक चोरटी ओळ असते. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांच्या वेड्यांमध्ये ती सगळ्यांना पाठ असते. बुटका मेला की पाचातून एक वजा होतो. त्या ओळीने वजाबाकीच पुसली जाते. बुटका कितीही वेळा मेला तरी जीव पाचच. दादाचा चष्मा पुसायच्या निमित्ताने मी तो काढून घेतला आणि तेवढ्यात ओळ टाकली.

कोपऱ्यातला आकडा त्याच्या लक्षात आला नाही. तो खेळत सुटला. सहावी खोली, दहावी, चौदावी. बोटं मोकळी होत होती. संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने शर्टाची बटणं लावली आणि वहिनी मला म्हणाली, “भावजी, तुमच्या खेळाने जादू केली बघा.” मी मान डोलावली. खरं सांगायला हवं होतं, पण तेव्हा ते कोत्या मनाचं वाटलं असतं.

३

त्या ओळीत एक खोड आहे, आणि ती मला माहीत होती. माहीत असून मी विसरलो, हे मी अजून स्वतःला सांगतो.

मेलेला बुटका खोलीत जिथून आत आला तिथेच पुन्हा उभा राहतो. आता समजा तो वरच्या खोलीतल्या भोकातून पडतपडतच खाली आला. तो आपटणार, मरणार, आणि पुन्हा उभा राहणार तो हवेतच. पुन्हा पडणार. पाच जीव असताना ही गोष्ट पाच आपटण्यांत संपते. वजाबाकी पुसलेली असली की ती संपतच नाही. बटणं दाबून काही होत नाही. वीज काढायची, एवढाच उपाय.

तेविसाव्या खोलीत दादाचं तेच झालं. ती जिन्याची खोली, खाली दगडी फरशी. टुंऽऽय, टक्. टुंऽऽय, टक्. यंत्राच्या पोटातली छोटी पिपाणी तेवढंच वाजवत राहिली.

“हे काय?” दादा म्हणाला.

“अडकला. बंद करून पुन्हा भरू.”

“एवढं सगळं पुन्हा?” त्याने खुर्ची मागे सरकवली. “थांब, पाणी पिऊन येतो.”

मी आणतो म्हणायला हवं होतं. मी भिंतीवरच्या विजेच्या बटणाकडे हात नेत होतो, माझं लक्ष वायरच्या गुंत्यात होतं. दादाच्या सपातांचा आवाज बोळातून दूर गेला. मग धप् झालं.

तो आवाज मी आयुष्यात एकदा ऐकला होता आणि पुन्हा ऐकायचा नाही म्हणून दोन महिने जिवाचा आटापिटा केला होता. मी उठलो तो स्टूल पाडूनच उठलो. वळलो, आणि दादा दारात उभा. बाहेरची खोली आणि बोळ यांच्यामधल्या दारात, उजवा पाय पुढे, हात चौकटीवर.

“काय झालं रे?” तो म्हणाला.

“पडलास?”

“कोण, मी?”

मी त्याला चाचपलं. डोकं, मान, कोपर, सगळं ठाकठीक. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वहिनीची बेल वाजली. त्या दिवशी ती लवकर आली होती. गडबडीत मी फक्त टीव्ही बंद केला आणि यंत्रावर पंचा टाकला, लहानपणी खेळ अर्धवट राहिला की टाकायचो तसा. बटणावर तेव्हाच्यासारखीच चिठ्ठी चिकटवली: बंद करू नये. हात सवयीने चालतात. आत ते टुंऽऽय, टक् चालूच राहिलं.

रात्रीचं पाणी भरायला मी बोळातून गेलो तेव्हा खालच्या पायरीवर दादाची एक सपात उलटी पडलेली होती. दादाच्या पायांत मात्र दोन्ही होत्या. मी ती उचलून वहिनीची समजून कपाटात टाकली.

४

दुसऱ्या दिवशी धप् तीनदा झालं. तिसऱ्या दिवशी मी मोजलं नाही, असं म्हणतो, पण नऊ वेळा झालं.

दर वेळी मी धावायचो आणि दर वेळी दादा दारात, उजवा पाय पुढे. “काय झालं रे?” सूरही तोच, ‘झालं’वर जरासा जोर.

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आवाज आला की त्याला कारण असतं. माझं पोट त्यावरच चालतं. आधी मी वरच्या मजल्यावर जाऊन आलो. तिथे शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे काय धप् होणार? मी तर विचारणारच होते, तुमच्याकडे काय पडतं सारखं.” मग मी दोन्ही पायऱ्यांवर गादी अंथरली. धप् झालं ते उघड्या फरशीवर होतं तसंच झालं. गादीवर सुरकुतीसुद्धा नव्हती. मग मला वाटलं, माझंच डोकं. दोन महिन्यांची झोप उडालेली, त्यात कानांत ती पिपाणी. मी कानांत कापूस घातला. पिपाणी थांबली. धप् पायांना जाणवलं.

मला एका जागी बसवेना. मी घरातले सगळे स्क्रू आवळले. बिजागऱ्यांना तेल दिलं. तीन गिऱ्हाइकांची यंत्रं उघडून ठेवली आणि एकाचंही पुढे काही केलं नाही. दादा मात्र छान होता. खुर्चीत बसायचा, बोटं उघडमीट करायचा, मला चिडवायचा. “अरे, बूड टेक की जरा. तुलाच डॉक्टरकडे नेऊ का?”

शुक्रवारी सकाळी वहिनी निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, “भावजी, एक गंमत बघितलीत? यांची दाढी.”

“काय दाढीचं?”

“पाच दिवस केली नाही. मी रोज म्हणते आज करून देते, आज करून देते. वाढतच नाही. सोमवारी होती तेवढीच आहे.” ती हसली. “बरंय, तेवढंच माझं काम वाचलं.”

बुटका तेविसाव्या खोलीत पडला तो सोमवारी.

५

त्या दुपारी मी ठरवलं की वळायचं नाही. टीव्ही बंद होता. त्याची काळी काच फुगीर, आणि तिच्यात माझ्या पाठीमागचं सगळं बारीक होऊन दिसतं. दार, बोळ, टोकाला स्वयंपाकघराचा उजेड. मी स्टुलावर बसून त्या काचेत बघत राहिलो.

दादा पाणी प्यायला निघाला. मी त्याला अडवलं नाही, हे मी लपवणार नाही. मला बघायचंच होतं. काचेत त्याची पाठ लहान होत गेली. पायरीशी तो थांबला, हात भिंतीकडे गेला, आणि पाय गेला.

धप्.

काचेत तो खाली पडलेला दिसत होता. हलत नव्हता. मान खांद्याच्या खाली अशी वळलेली होती की मला आधी वाटलं, हे दुसरंच काहीतरी आहे, कपड्यांचं बोचकं आहे. मग मला त्याचा कान दिसला. बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू केली आणि ती लांब गेली. तो तसाच पडून होता. आणि तो तिथे पडलेला दिसत असताना माझ्या मागे, अगदी जवळून, दादा म्हणाला, “काय झालं रे?”

आता मात्र मी वळलो. तो दारात होता. उजवा पाय पुढे. पुन्हा काचेत बघितलं, तर पायऱ्या मोकळ्या.

पंचाखाली टुंऽऽय, टक् चाललं होतं. माझं बोट बटणावरच्या चिठ्ठीवर होतं. वीज काढली की बुटका पडायचा थांबेल, हे मला माहीत होतं. पण बटण बंद केलं त्या क्षणी माझ्यापाशी कुठला दादा उरेल, दारातला की पायरीवरचा, हे मला कोण सांगणार होतं? मी बोट काढून घेतलं. मला रडू आलं आणि मी दादासमोरच रडलो. त्याने येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोटं चांगली सरळ होती.

६

शनिवारी दुपारी वहिनीने जिन्याखालच्या फलकावर वाचून आल्यावर सांगितलं, “सोमवारी दहा ते पाच वीज नाही हं. तारा बदलतायत.”

मी वीज कंपनीत फोन केला. म्हटलं, घरात आजारी माणूस आहे, यंत्रावर आहे. पलीकडचा कारकून सभ्य होता. त्याने विचारलं, “कसलं यंत्र?” मी फोन ठेवला.

मग मी माझं काम आठवलं. त्या कॉम्प्युटरला नऊ व्होल्ट लागतात, भिंतीतल्या चौकोनी अडॅप्टरमधून एक बारीक वायर येते. ती उपटून बॅटरीला जोडायची म्हटली तर मध्ये क्षणभर वीज जाणार, आणि तेवढा क्षण पुरेसा आहे. म्हणून चालू वायरच सोलायची, आतल्या दोन्ही तारा उघड्या करायच्या, आणि त्यांच्यावर बॅटरीचे चिमटे लावायचे, आधी काळा, मग लाल. मग भिंतीतली वीज गेली तरी यंत्राला पत्ता लागत नाही. या तारा एकमेकींना लागल्या तर मात्र सगळं संपलं. असलं काम मी डोळे मिटून करतो. सोमवारी वहिनी गेल्यावर, पावणेदहाला ते करायला घेतलं तेव्हा मी प्रत्येक तार दोनदा तपासली.

दादा खुर्चीत बसून बघत होता. मी पंचा काढल्यावर त्याने यंत्राकडे पाहिलं, बराच वेळ.

“अजून पडतोय का तो?” त्याने विचारलं.

“हो.”

“आठ दिवस?”

“हो.”

“किती जीव होते रे त्याला?”

मी लाल चिमटा लावला. यंत्र चालू राहिलं. मी कपाळ पुसलं आणि त्याला खरं सांगितलं. ती ओळ, ती वजाबाकी, सगळं. तो रागावेल असं वाटलं होतं.

“मला वाटलंच,” तो म्हणाला. “मी इतका चांगला कधीच खेळलो नाही.”

“दादा, तुला कळतं का? म्हणजे, तिकडे…”

त्याने बोळाकडे पाहिलं. “दर वेळी कळतं,” तो म्हणाला. “तुला वाटतं, मी नुसता दारात असतो. मला आधी पायरीवर जावं लागतं.”

दहाला पंखा थांबला. फ्रिजची घरघर थांबली. सगळी इमारतच गप्प झाली, आणि त्या शांततेत नऊ व्होल्टवर टुंऽऽय, टक् चालू राहिलं. मला आनंद झाला. दोन्ही चिमटे मी बोटांनी दाबून धरले होते, कारण उजवा जरासा सैल होता आणि हात काढला तर निसटला असता.

दादा उठला. “बस,” मी म्हणालो. “पाणी मी देतो.” पण माझे हात अडकलेले होते, आणि ते त्याने पाहिलं होतं. तो माझ्याजवळून गेला. जाताना त्याने यंत्राच्या कोपऱ्यावरून, त्या दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

सपाता बोळातून गेल्या. धप्.

मी वळलो नाही. दारात त्याचा श्वास ऐकू आला. ‘काय झालं रे’ची मी वाट बघत होतो.

“टेकलो मी,” दादा म्हणाला. “सोड.”

अगदी पूर्वीचाच आवाज. उन्हात, भिंतीला पाठ लावून, कमरेची गाठ सोडायची वाट बघत उभा असायचा तेव्हाचा. मला फक्त बोटं उघडायची होती. मी म्हणालो, “वहिनी येऊ दे. पाचला येईल. तिला एकदा भेट, मग.” सपाता पुन्हा बोळातून दूर गेल्या.

आता साडेतीन झालेत. बॅटरी कोमट लागते आहे आणि माझ्या बोटांना मुंग्या आल्या आहेत. मघाशी वाजलेलं धप् कितवं, ते मी मोजलेलं नाही. दर वेळी दारातून तो एकच शब्द म्हणतो, न चिडता, आणि उत्तराची वाट बघतो. पाचला वहिनी आली की मी तिला काय सांगणार आहे ते मी ठरवतो आहे. तिने एवढ्यात येऊ नये असं मला वाटतं.